बार्शी लाईटचा एक डबा पुन्हा रुळावर यावा: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
रेल भवन, नवी दिल्ली

विषय: बार्शी लाईट रेल्वेच्या एका जुन्या डब्याची कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात शास्त्रशुद्ध दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कुर्डुवाडीचा. आमचे वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या, डब्यांची बाकं, खिडक्यांची कवाडं, दारांच्या चौकटी हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की सदऱ्याला सागाच्या भुश्याचा आणि ऑइलपेंटचा वास यायचा. मला रेल्वेची ओळख त्या वासातून झाली, इंजिनाच्या शिट्टीतून पुढे कधीतरी.

पत्र लिहायचं कारण एका स्टेशनाबाहेर दिसलं. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, कारण कुणा एका अधिकाऱ्याकडे बोट दाखवून काही साधणार नाही. तिथे सिमेंटच्या चौथऱ्यावर नॅरोगेजचा एक डबा शोभेसाठी ठेवलाय. लाल-पिवळा रंग झगझगीत आहे, संध्याकाळी दिवेही लागतात, लोक फोटो काढतात. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. दारं वेल्डिंग करून बंद केली आहेत. खिडक्यांची कवाडं खिळे मारून ठोकली आहेत. चाकं चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये अर्धी पुरली आहेत, त्यामुळे पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि लोखंड खालून पापुद्र्यांनी सुटत चाललंय. सगळ्यात जास्त मन दुखलं ते डब्याच्या टोकाकडे पाहून. कोणत्या कारखान्यात शेवटची पीओएच, म्हणजे ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती, झाली, तिची तारीख, पुन्हा कारखान्यात परतायची तारीख (रिटर्न डेट) आणि डब्याचं वजन तिथे लिहिलेलं असतं. ती डब्याची जन्मपत्रिका. तीच रंगाच्या जाड थराखाली पुसली गेली होती. हा डबा कुठून आला, कोणत्या मार्गावर धावला, हे आता तिथे कुणालाच सांगता येत नाही.

महोदय, सरकारी कागदावर याला जतन म्हणत असतील. वडिलांनी पाहिलं असतं तर डब्याला डांबून ठेवलंय असं म्हणाले असते.

बार्शी लाईट काय होती, हे थोडं सांगतो. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा, मोठा लोहमार्ग बार्शीला वीसेक मैल बाजूला ठेवून गेला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण माल बैलगाडीने स्टेशनापर्यंत न्यावा लागे. जीआयपीत नोकरी केलेले इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इथे अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचा मार्ग टाकायचं ठरवलं आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. पुढे 1906 मध्ये रूळ पंढरपूरला पोचले, 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरचं हे जाळं 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतलं. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. ते व्हायलाच हवं होतं. लातूरच्या माणसाला मुंबईला जाताना मध्येच गाडी बदलावी लागू नये, यात दुमत नाही.

पण कॅलथ्रॉप यांनी इथे जे करून दाखवलं, ते जगभरच्या छोट्या रेल्वेमार्गांना उपयोगी पडलं, आणि त्यातलं मोठं काम डब्यांचं होतं. रूळ हलके टाकायचे म्हणजे खर्च कमी. हे रूळ वाराला तीस पौंडांचे होते, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज मुख्य मार्गावर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. एवढ्या हलक्या रुळावर वजनदार गाडी चालवायची तर भार सगळ्या आसांवर सारखा वाटला पाहिजे, म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असा नियम त्यांनी इंजिनापासून वाघिणीपर्यंत, म्हणजे मालाच्या डब्यापर्यंत, सगळ्यांना लावला. डब्यांचा सांगाडा पोलादी पत्रा दाबून घडवलेला होता, हलका आणि तरी बळकट. हे सामान इकडे पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून तपासलं गेलं. प्रवासी डबा चाळीस फूट लांब आणि सात फूट रुंद. अडीच फुटांच्या रुळावर सात फुटांचा डबा! लहानपणी मला त्याची भीती वाटायची. वडील हसून म्हणायचे, बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, नीट बसवली आणि वजन खाली ठेवलं की तो डुलतो, पण पडत नाही.

कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटीच मार्ग बांधला. तो 1904 ला सुरू झाला आणि 1934 ला बंद पडला. आज त्या जागेवर पायवाट आहे. आपला मार्ग त्याहून आधीचा आणि शंभर वर्षांहून जास्त चाललेला. म्हणून त्याची खूण राखायची जबाबदारीही आपल्याकडेच येते.

आणि वारी. माझी आजी सांगोल्याची. ती सांगायची, आषाढीला प्रवासी डबे पुरायचे नाहीत, मग मालाच्या वाघिणी झाडून, धुऊन त्यात माणसं बसवायचे. आत बाकं नाहीत, उजेड नाही. एकमेकींच्या गाठोड्यांना टेकून बायका बसायच्या आणि दार उघडं ठेवून अभंग म्हणत जायच्या. टपावरही माणसं असायची. काल ज्या वाघिणीत सरकी किंवा ज्वारी होती, तिच्यात आज माळकरी. माझ्या दृष्टीने हे डबे पंढरपूरच्या इतिहासाचा भाग आहेत, पण त्यांच्याकडे त्या नजरेने अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडं तपशिलात लिहितो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. जुना डबा हातात घेतला की पहिलं काम ब्रशचं नसतं. आधी मापं, फोटो, नोंदी. मग एका कोपऱ्यात हातभर जागेवर रंग हलक्या हाताने थराथराने खरवडायचा. एकेक थर म्हणजे त्या डब्याच्या आयुष्यातला एकेक काळ, कंपनीचा, सरकारचा, वेगवेगळ्या रेल्वे विभागांचा. तो पाहिल्यावरच कोणत्या काळातला डबा उभा करायचा हे ठरवता येतं. मग सांगाडा बोगीवरून उचलून खालून तपासायचा. दाबलेल्या पोलादाच्या घडीत पाणी अडकतं आणि गंज आतून खातो, बाहेरून रंग शाबूत दिसतो. लाकूड सगळं काढून नवं घालणं सोपं असतं. त्याचा मोह होतो, कारण काम लवकर संपतं. पण चांगला सुतार कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नव्या सागाचा सांधा जोडतो आणि कोणती फळी जुनी, कोणती नवी हे लिहून ठेवतो. जुन्या लाकडी डब्यांच्या छतावर कॅनव्हास ताणून त्यावर सफेद्याचे हात दिलेले असत. ते छत गळायला लागलं की सगळ्यात आधी खिडकीच्या वरची पट्टी कुजते. वडील डब्यात शिरले की पहिल्यांदा त्या पट्टीला अंगठा लावून बघायचे. दिल्लीच्या साहेबांनी नकाशे पाहावेत, पण हा अंगठा कोणत्या नकाशात सापडेल?

माझी कळकळीची विनंती याच ठिकाणी आहे. डबे भंगारात गेले तरी एखाददुसरा कुठेतरी सापडेल. पण ज्यांनी हे डबे आयुष्यभर दुरुस्त केले ते फिटर, लोहार, सुतार, रंगारी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्या गल्लीतच गेल्या काही वर्षांत किती खाटा रिकाम्या झाल्या. माझे वडीलही आता नाहीत. कुर्डुवाडीत नॅरोगेजच्या कामाची परंपरा आहे, माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामंही इथे झालेली आहेत. हात अजून आहेत. पण फार काळ नसतील.

म्हणून असं करावं. बार्शी लाईटच्या मार्गावरचे जे डबे आणि वाघिणी चौथऱ्यांवर, यार्डांत किंवा लिलावाच्या यादीत उरले असतील, त्यांची एकदा मोजदाद व्हावी आणि ती होईपर्यंत त्यातलं काहीही भंगारात जाऊ नये. साठलेलं भंगार विकून काढायची रेल्वेची झिरो स्क्रॅप मोहीम चांगली आहे, यार्डं स्वच्छ झाली, पण तिच्या यादीत हे डबे नुसते टनावारी वजन म्हणून येऊ नयेत. मग त्यातला एक प्रवासी डबा, आणि जमल्यास वारकऱ्यांना नेणारी एक बंद वाघीण, कुर्डुवाडीला आणावी. रेल्वे बोर्डाच्या हेरिटेज संचालनालयाने देखरेख करावी. निवृत्त कारागिरांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावं आणि त्यांच्याबरोबर आयटीआयची मुलं लावावीत. कपाटांत जुनी ड्रॉइंग उरली असतील तर ती स्कॅन व्हावीत. वेळ लागला तर लागू द्या. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की सांधे जोडायच्या जागी लांबी (पुट्टी) भरली जाते, हे कारखान्यातला प्रत्येक जण जाणतो.

दिल्लीत चाणक्यपुरीला राजेमहाराजांचे सलून जपलेत, नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. दोन्ही मी मनापासून पाहिलीत. पण हा डबा कृपा करून दिल्लीला नेऊ नका. वर्कशॉपच्या आवारात दोनशे मीटर अडीच फुटी रूळ टाकले तरी पुरे. डबा चाकांवर उभा राहावा, दार उघडावं, कवाड खाली-वर व्हावं, आणि ढकलला तर हलावा. एवढंच मागणं आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका भंगारवाल्याकडून मी नॅरोगेजच्या खिडकीची एक पितळी कडी विकत घेतली. घासून ठेवलीय. तिचे दोन स्क्रू नाहीत, बाकी ती शाबूत आहे. डबा कारखान्यात आला की मी ती घेऊन गेटवर येतो.

आपला नम्र,
कुर्डुवाडीचा एक रहिवासी