बाबा, नवा लॅपटॉप घेऊ नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं की बाबा "हो, हो" म्हणतात आणि फोन ठेवला की भलतंच बटण दाबतात. म्हणून लिहूनच पाठवते. कागद लॅपटॉपशेजारी ठेवा.

बर्डीवरचा तो दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला. अहो, मदरबोर्ड गेला असता तर जुनं विंडोज तरी उघडलं असतं का? त्याच्यावर तुम्ही रोज पेपर वाचताय! अडलंय ते फक्त शेजारच्या पोराने बनवून दिलेल्या लिनक्स मिंटच्या डिस्कवरून लॅपटॉप सुरू व्हायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ आपल्या मशीनवर बसत नाही, म्हणून तर विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी दुसरी प्रणाली, म्हणजे लिनक्स मिंट, टाकायचं ठरवलं ना आपण.

मला संशय डिस्कचाच आहे. विंडोज चालू असताना ती उघडून बघा. आत नावाच्या शेवटी आयएसओ (iso) असलेली एकच मोठी फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कचं गाठोडं, दिसली, तर त्या पोराने ती नुसती कॉपी केलीय. म्हणजे बियांचं पाकीट न फोडता कुंडीत पुरलं, उगवणार काय? बरोबर बनलेल्या डिस्कमध्ये 'बूट', 'कॅस्पर' असे फोल्डर दिसतात. नसतील तर त्याला म्हणावं, कोऱ्या डीव्हीडीवर, फाइलवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' कर, आणि शेवटी तपासणीची खूणही कर. सीडी आणू देऊ नका, मिंट तिच्यात मावत नाही.

फोल्डर आहेत आणि तरी अडतंय, तर ताईच्या लग्नाची डीव्हीडी लावून बघा. आईच्या भजनांची सीडी वाजते म्हणून ड्राइव्ह चांगला, असं धरू नका. दोन्हींना वेगळा लेझर लागतो, एक चालतो आणि दुसरा थकलेला असतो. ट्रे बाहेर काढला की छोटी काचेची लेन्स दिसते. तिच्यावर आपल्याकडची धूळ हमखास बसलेली असणार. कोरड्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. फुंकर नको, थुंकी उडते.

मग डिस्क आत ठेवून 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट' करा. विंडोज १० बंद करताना अर्धवट झोपतं, त्यामुळे बटण दाबायला वेळच मिळत नाही. कंपनीचं नाव दिसताच एफ १२ टकटक दाबत राहा. यादी आली की डीव्हीडीची ओळ निवडा. दोनदा दिसली तर यूईएफआय लिहिलेली आधी, तिने नाही झालं तर दुसरी. पुढे बराच वेळ नुसती घरघर ऐकू येईल. डीव्हीडी संथ असते, घाबरून बटण दाबून बंद करू नका.

आई, तुझ्या फोटोंची काळजी नको. मिंट आधी डिस्कवरूनच चालतं. पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' चिन्हाला हात लावला नाही तर हार्डडिस्कवरचं काही पुसलं जात नाही. बाबांना तेवढं तू बजाव. फोटोंची प्रत मी आल्यावर काढू, इन्स्टॉल त्यानंतर.

हे करूनही अडलंच, तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणून ठेवा. संक्रांतीला येतेय, त्यावरून बसवू. दुकानदाराला आगाऊ पैसे दिले असतील तर परत मागा.

तुमची,
मनू