मंत्रीसाहेब, टाकीची भेग आपोआप बुजती म्हणे, पण टाकीत पाणी तर पाहिजे ना!

मा. पाणीपुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, औसा तालुक्यातून लिहितोय. गावात नवीन उंच टाकी झाली, भिंतीला भेगा पडल्या, पाणी पाझरतंय. गुत्तेदाराला विचारलं तर म्हणतो, टेन्शन घेऊ नका, भारीतलं काँक्रीट आहे, भेगा आपोआप बुजतात. लोक हसले. पण साहेब, तो अर्धं खरं बोलतोय, अन् अशा अर्ध्या खऱ्यावरच बिलं निघतात.

हाय परफॉर्मन्स काँक्रीटमध्ये, म्हणजे तो म्हणतो त्या भारीतल्या काँक्रीटमध्ये, सिमेंटच्या मानानं पाणी लई कमी असतं, त्यामुळं बरंच सिमेंट आत तसंच न भिजता राहतं, मग भेगेतून पाणी शिरलं की ते उरलेलं सिमेंट पुन्हा काम सुरू करतं आणि काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, भेगेवर पांढरी रेघ दिसती ती त्याचीच. पण हे सगळं ०.१, फार तर ०.२ मिमीच्या भेगेपुरतं. आमच्या टाकीच्या भेगेत एटीएम कार्डाची कड जाते राव, म्हणजे पाऊण मिमी! नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे संशोधक हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणू घालून मोठ्या भेगा बुजवायचं तंत्र काढलंय, पण आमच्या टाकीत तसलं काही घातलेलं नाही.

शिवाय भेग बुजायला सतत ओल लागती. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये टाकीच कोरडी, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, विसरलात का? कोरडी भेग बुजत नाही, उलट दिवसा तापून रात्री गार होऊन हालत राहती, आणि पुढं पाणी आलं की आतली सळई गंजायला लागती.

मागणी मोठी नाही. आयएस ३३७० मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या पाण्याच्या टाक्यांच्या भारतीय मानकात, लिहिलंय तसं टाकी भरा, ७ दिवस मुरू द्या, पुढचे ७ दिवस बाहेरून कोरडी राहती का ते गावासमोर बघा. भेगेची रुंदी क्रॅक गेजनं (भेग मोजायच्या पट्टीनं) मोजून तारखेसकट लिहा, परत महिन्यानं मोजा. ०.२ मिमीच्या वर असंल तर गुत्तेदाराच्या खर्चानं इंजेक्शन ग्राउटिंग करा, म्हणजे भेगेत दाबानं भरण भरा, अन् तोवर शेवटचं बिल थांबवा.

आणि हो, भेगेवर गिलावा मारायला कोणी आलं तर गावातून शिडी मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

आपला,
औसा तालुक्यातला एक गावकरी