क्लाउड किचन नव्हे, खानावळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला गिरणगावावरचा पानभर लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला. राग काही गेला नाही, म्हणून हे पत्र. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे कबूल. दावरशेटांनी 1854 साली ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली तिथपासून फिनिक्सच्या चिमणीखाली हल्ली काय काय विकत मिळते तिथपर्यंत सगळे आहे. भोंगा आहे, लालबागचे गणपती आहेत, भजनी मंडळे, आखाडे, दामोदर हॉलमधली कामगारांची नाटके आहेत. आणि शेवटच्या कॉलमात एक वाक्य: 'गिरणगावातल्या खानावळी म्हणजे त्या काळातले क्लाउड किचनच!' उद्गारचिन्ह त्यांचेच. (क्लाउड किचन म्हणजे बसून जेवायची सोय नसलेले, फक्त घरपोच जेवण पाठवणारे स्वयंपाकघर.)

माझ्या आईने डिलाईल रोडला, म्हणजे तुमच्या लोअर परळला, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत 26 वर्षे खानावळ चालवली. क्लाउड वगैरे काही दिसला नाही कधी. धूर मात्र भरपूर होता.

जेवायला कधी 28, कधी 32 माणसे. सगळी गावाकडे बायकामुले ठेवून आलेली, गावकीच्या खोलीत राहणारी. त्या खोलीत एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची, कारण पाळ्या तीन. त्यामुळे आमच्या स्टोव्हलाही पाळ्या तीनच. सातच्या पाळीवाल्याला पहाटे भाकरी हवी, दुसऱ्या पाळीवाल्याचा डबा गेटवर पोचवायचा, रात्री बाराला सुटून येणारा जेवल्याशिवाय झोपायचा नाही. आम्ही पाटणकडचे, आईचा हात तिखट. अर्धी माणसे रत्नागिरीची, त्यांना भात आणि सुक्या बोंबलाशिवाय जेवल्यासारखे वाटायचे नाही. म्हणून रोज दोन तऱ्हांचा स्वयंपाक, एकाच स्टोव्हवर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे लेखात बरोबर आले आहे. ती आमच्या घरी मात्र पोचली नाही. रविवारी मटण असे, आणि सगळे एकदमच जेवायला येत.

दाणे वाण्याकडून उधार, त्यावर व्याज. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले, तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा बँकेत सही केली. सहीपुरतेच लिहिता येत होते तिला. पानभर लेखात या मंडळाचे नाव नाही. फूड कोर्टाचे आहे.

आता गिरणी कामगारांच्या संपाबद्दल. लेखात म्हटले आहे की 1982 चा संप 'पुढच्या वर्षी मिटला'. कुणी मिटवला, तेवढे कृपया कळवावे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप आजतागायत कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. 1997 च्या जानेवारीत संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा खून झाला, तेव्हाही संप कागदोपत्री चालूच होता. अडीच लाख माणसे होती त्यात. संप विझत गेला हो, मिटला नाही. मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाला हे मी सांगावे? (रागाच्या भरात लिहिते आहे, क्षमस्व.)

आईची वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची. पानापानावर एकेक माणूस: नाव, गाव, गिरणी, गिरणीतले खाते म्हणजे विभाग, आणि तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा गिरणीतला नंबर. अक्षर माझे, कारण रात्री हिशेब लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीचे. कुणापुढे 'साचा' म्हणजे विणकाम, कुणापुढे 'त्रासन' म्हणजे सूतकताई, बऱ्याच जणांपुढे नुसते 'बदली', म्हणजे रोज गेटवर जायचे आणि काम मिळाले तर मिळाले. तिकीट नंबर हवा, कारण पगाराच्या दिवशी गेटबाहेर व्याजवाल्या पठाणांच्या आधी आपला माणूस गाठावा लागे. आई पदर खोचून उभी असायची. मला लाज वाटायची, खोटे कशाला बोलू.

त्या जानेवारीनंतर वहीची जमेची बाजू कोरी आहे. नावेची भरत गेली आहे. महिनाभरात सुटेल असे सगळ्यांना वाटत होते, आईलाही. कुणी ओशाळून 'मावशी, पुढच्या महिन्यात देतो' म्हणाला की ती म्हणायची, 'मागनं बघू, जेव आदी.' मार्चमध्ये तिची बोरमाळ गहाण पडली. मटण बंद, मग रविवारची सुकी मासळी बंद, मग भाजी एकवेळची. जूनमध्ये माणसे पेरणीला म्हणून गावी गेली. ट्रंका आमच्या माळ्यावर ठेवून गेली. दिवाळीला 32 पैकी 9 जण उरले होते. येणे 12,640 रुपये. बँकेचा हप्ता मात्र आईने एकही चुकवला नाही. काही ट्रंका अजून आमच्याकडे आहेत. एकीत मी गोधड्या ठेवते.

पुढे गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज भरायचे निघाले. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार, नाहीतर त्याचा वारस, असा नियम. तेव्हा संगमेश्वरहून एक मुलगा पत्ता शोधत आला. बाप वारलेला, घरात कागदाचा चिटोरा नाही, पण कुणीतरी सांगितले की 'मावशीच्या वहीत नंबर असेल.' होता. खाते, गिरणी, तिकीट नंबर, सगळे होते, आणि खाली बाकी होती 470 रुपये. पोरगा ओशाळला, 'देऊ का?' म्हणाला. गोष्टीत असते तर आई 'नको रे बाळा' म्हणाली असती. आईने घेतले. मोजून घेतले. व्याज लावले नाही एवढेच.

2012 साली पहिली सोडत निघाली, 6,925 घरांची. त्या मुलाचे काय झाले कळले नाही. खानावळवालीला तिकीट नंबर नसतो, त्यामुळे आमचा प्रश्नच नव्हता. त्याबद्दल तक्रार नाही, नियम म्हणजे नियम. पण सगळ्यांसाठी नियम एवढे कडक असतात थोडेच? गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, एक पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला, हा 1991 चा नियम लेखकाने कौतुकाने सांगितला आणि 2001 ची दुरुस्ती गाळली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची, असे तेव्हा ठरले. चिमणी, शेड, गोदाम उभे होते ती जागा वाटणीतून बाहेर. आईने असा हिशेब लिहायला सांगितला असता तर मीच विचारले असते, आई, नक्की ना?

पुन्हा कधी गिरणगावावर पुरवणी काढलीत तर वही दाखवीन. नेऊ मात्र देणार नाही. आणि 'गिरणगावची व्हाइब' असा मथळा पुन्हा देऊ नये, ही विनंती.

जाता जाता एक. शब्दकोड्याचे उत्तर हल्ली दुसऱ्या दिवशी छापत नाही, हे काय चालले आहे? त्याच रविवारच्या कोड्यात उभा शब्द होता: 'कापड विणण्याचे यंत्र, दोन अक्षरी'. मी 'साचा' लिहिले, आडव्या शब्दाशी जुळेना. तुम्हाला 'माग' हवे असणार. आमच्याकडे साचाच म्हणतात. तेही बरोबर धरावे.

आपली,
एका खानावळवालीची मुलगी,
डिलाईल रोड, मुंबई