बासेलच्या वाटेवरून: चिरंजीवास पत्र

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्या क्लबाने तुझा करार वाढवला नाही आणि दुसऱ्या राज्यातल्या एका लहान क्लबाने तुला बोलावले आहे, या दोन्ही बातम्या तू मला एका दमात सांगितल्यास, जणू दुसरी ही पहिलीचीच शिक्षा होती. मला तसे वाटत नाही. का वाटत नाही, हे फोनवर नीट मांडता येणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, त्यानंतरचे ते लांबलेले महिने आणि आता हा निर्णय, या सगळ्याचा विचार करताना मला वारंवार इटलीचा फुटबॉलपटू रिकार्डो कालाफिओरी आठवतो. तूही त्याला ओळखतोस. पण तू ओळखतोस तो इंग्लंडच्या आर्सेनल क्लबाच्या लाल जर्सीतला, ३३ क्रमांकाचा कालाफिओरी. मला तुझ्याशी त्याच्या आधीच्या वर्षांविषयी बोलायचे आहे.

तो रोमचाच मुलगा. २००२ मधला जन्म, लहानपणापासून रोमा क्लबाच्या अकादमीत, डावखुरा आणि तुझ्यासारखाच लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू. २ ऑक्टोबर २०१८ रोजी युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, युवा स्पर्धेत चेक क्लब व्हिक्टोरिया प्लझेनविरुद्ध खेळताना प्रतिस्पर्ध्याच्या टॅकलमध्ये त्याचा डावा गुडघा अक्षरशः विस्कटला. लिगामेंट तुटली, कूर्चा फाटली, सांध्याभोवतीचे आवरणही शाबूत राहिले नाही. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याच संध्याकाळी रोमाचा मुख्य संघ त्याच प्लझेनविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये, युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत, खेळत होता. रोमाच्या एडिन जेकोने त्या सामन्यात तीन गोल केले आणि आपला गोल या पोराला अर्पण केला. पुढे त्याला शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत पिट्सबर्गला नेले. हा मुलगा पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळेल की नाही, अशी शंका तेव्हा उघडपणे बोलली जात होती. तुझी एकच लिगामेंट गेली होती आणि तरीही रात्री पाय हलवताना तुझा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिले आहे. त्यामुळे त्या पोराच्या आईवडिलांचे काय झाले असेल, याची कल्पना मला करता येते.

सुमारे वर्षभराने तो मैदानात परतला. १ ऑगस्ट २०२० रोजी, कोविडमुळे रिकाम्या असलेल्या ट्युरिनच्या स्टेडियममध्ये, युव्हेंटसविरुद्ध रोमाच्या मुख्य संघातून तो पहिल्यांदा उतरला. रोमाने तो सामना ३-१ असा जिंकला आणि संघाला पेनल्टी मिळाली तीही त्याच्यामुळे. त्या डिसेंबरात युरोपा लीगमध्ये स्वित्झर्लंडच्या यंग बॉइज संघाविरुद्ध त्याने लांबून एक जबरदस्त गोल मारला. इथवरची गोष्ट वर्तमानपत्रांना आवडणारी आहे: गुडघा मोडलेला पोरगा परत आला आणि आपल्याच गावच्या क्लबासाठी गोल करू लागला. गोष्ट इथे संपत नाही, आणि तू जे नीट पाहावेस असे मला वाटते ते याच्या पुढे सुरू होते.

जोझे मोरिन्यो रोमाचे प्रशिक्षक झाल्यावर सुरुवातीला त्याला संधी मिळाली. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या बोडो ग्लिम्टकडून रोमा ६-१ अशी हरली, त्या संघात तोही होता, आणि त्यानंतर त्याचे नाव मागे पडत गेले. जानेवारीत त्याला उसनवारीवर इटलीतल्याच जेनोआ क्लबाला धाडले. तिथे तो जेमतेम काही सामने खेळला आणि जेनोआही त्या हंगामात खालच्या विभागात घसरली. गुडघा बरा झाला होता, पाय साथ देत होते, तरीही त्याला कोणी खेळवत नव्हते. दुखापतीच्या काळात सगळे विचारपूस करतात, फुले पाठवतात, गोल अर्पण करतात. बरे झाल्यावर बाकावर बसलेल्या खेळाडूची विचारपूस करायला कोणी येत नाही. बाळा, तू आज नेमका या टप्प्यावर आहेस, आणि म्हणूनच तुला गुडघ्यापेक्षा हा काळ जास्त दुखतो आहे, असे मला वाटते.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, विसाव्या वर्षी, तो इटली सोडून स्वित्झर्लंडच्या एफसी बासेलला गेला. इटालियन बचावपटूच्या दृष्टीने हे किती वेगळे होते, ते लक्षात घे. बारेसी आणि माल्दिनी यांनी उभी कारकीर्द मिलानमध्येच काढली. परदेशी गेले त्यांतले बरेच जण नाव कमावून झाल्यावर गेले: कानावारो विश्वचषक जिंकून रेआल माद्रिदला गेला, नेस्ता मिलाननंतर माँट्रियलला, किएलिनी २०२२ मध्येच लॉस एंजेलिसला. नेस्ता तर २०१४ मध्ये मातेरात्सीच्या बोलावण्यावरून आपल्याकडे चेन्नईयिन क्लबासाठीही खेळून गेला. तरुणपणीच बाहेर पडलेला पानुच्ची तेविसाव्या वर्षी रेआल माद्रिदला गेला होता, म्हणजे युरोपातल्या सर्वांत वरच्या दारातून. स्विस लीगकडे मात्र विशीतला इटालियन बचावपटू स्वप्न म्हणून पाहत नाही. रोमातल्या अनेकांनी तेव्हा हे प्रकरण मिटले असेच धरले असणार.

आता बासेल म्हणजे काय, ते पाहा. ऱ्हाइन नदीवर, जर्मनी आणि फ्रान्सच्या सीमेला लागून असलेले ते शहर आहे आणि तिथल्या क्लबाला तरुण खेळाडू घडवून पुढे पाठवण्याची जुनी सवय आहे. राकितिच, शाकिरी, ग्रानिट झाका हे तिथूनच वर आले; मोहम्मद सलाह इजिप्तमधून युरोपात पहिल्यांदा आला तोही बासेललाच. अशा ठिकाणी तरुण खेळाडूला बाकावर बसवून ठेवणे क्लबालाच परवडत नाही. कालाफिओरीला तिथे सामने मिळाले, देशातले आणि युरोपातलेही. त्या हंगामात बासेल कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. इटलीच्या फिओरेंटिनाला तिच्याच मैदानावर २-१ असे हरवून परतीच्या सामन्यात अतिरिक्त वेळेच्या अगदी अखेरीस बासेल बाहेर पडला.

पण माझ्या मते बासेलने त्याला सामन्यांपेक्षाही मोलाची एक गोष्ट दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रशिक्षक बदलले आणि हायको फोगेल यांनी सूत्रे घेतली. त्यांनी या लेफ्ट बॅकला तीन जणांच्या बचावफळीत आत आणून सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळवायला सुरुवात केली. तू स्वतः लेफ्ट बॅक आहेस, तेव्हा हा फरक तुला माझ्याहून चांगला समजतो. लेफ्ट बॅकच्या एका बाजूला कायम रेषा असते. त्याचा अर्धा खेळ त्या रेषेने आधीच ठरवून दिलेला असतो, आणि चेंडू पायात आला की पुढे पळणे किंवा आत पास देणे एवढेच बहुधा त्याच्या हाती उरते. आत सरकलेल्या खेळाडूला मैदान दोन्ही बाजूंनी उघडे दिसते. त्याची चूक थेट गोलापर्यंत जाते हे खरे, पण उलट्या दिशेने पाहिले तर प्रत्येक हल्ल्याची पहिली आखणीही त्याच्याच पायातून होते. वेगाने धावण्यावर ज्याची ओळख उभी होती, ज्याच्या गुडघ्याने एकदा दगा दिला होता, त्या खेळाडूला खेळ वाचण्यावर उभी राहणारी जागा मिळाली. रोमात राहून, बाकावर बसून, ही जागा त्याला सापडली नसती.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बोलोन्या क्लबाने त्याला इटलीत परत आणले. बासेलने विकताना पुढच्या विक्रीतला मोठा वाटा स्वतःकडे राखून ठेवला होता. म्हणजे या पोराची किंमत वाढणार, हे त्यांना दिसत होते. बोलोन्यात प्रशिक्षक थियागो मोटा यांनी फोगेल यांच्या कल्पनेला पूर्ण रूप दिले. बचावाच्या मध्यातला कालाफिओरी चेंडू घेऊन सरळ मध्यफळीत चालत जाई. त्याला अडवायला प्रतिस्पर्ध्यांतला कोणी पुढे आला, की त्याच्या मागे जागा मोकळी होई. कोणी आला नाही, तर हा आणखी पुढे जाई. मागे पडलेली जागा दुसरा कोणीतरी न सांगता भरत असे. तू सामने पाहताना चेंडूकडे पाहतोस. बोलोन्याच्या त्या हंगामातले सामने मिळाले तर कालाफिओरी पुढे गेल्यावर त्याच्या जागी कोण येऊन उभा राहतो, तेवढेच पाहा. बोलोन्या इटालियन लीगमध्ये पाचव्या क्रमांकावर आला आणि १९६४-६५ नंतर प्रथमच युरोपातल्या सर्वोच्च स्पर्धेसाठी पात्र ठरला. मे २०२४ मध्ये युव्हेंटसविरुद्धच्या ३-३ अशा सामन्यात त्याने दोन गोल केले. इटलीच्या सर्वोच्च लीगमधले, सेरी आ मधले, त्याचे ते पहिलेच गोल.

त्यानंतरचा महिना तुला तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. जूनच्या सुरुवातीला तो इटलीकडून पहिला सामना खेळला आणि काही दिवसांतच युरो स्पर्धेत पहिल्या अकरांत होता. २० जूनला स्पेनविरुद्ध चेंडू त्याच्या पायाला लागून आपल्याच गोलात गेला आणि इटली त्या एका स्वयंगोलाने हरली. २४ जूनला लाइपझिगमध्ये क्रोएशियाविरुद्ध इटली ०-१ अशी मागे असताना ९८ व्या मिनिटाला त्याने आपल्या अर्ध्या भागातून चेंडू उचलला, मधोमध पळत गेला आणि डावीकडे सहकारी झाकान्यीला दिला. झाकान्यीने तो वळवून गोलाच्या दूरच्या कोपऱ्यात टाकला आणि इटली पुढच्या फेरीत गेली. त्या शेवटच्या मिनिटाला चेंडू घेऊन पुढे जाण्याचे धाडस कुठून आले, असे लोक विचारत होते. मला तरी त्यात बासेल आणि बोलोन्यातली दोन वर्षे दिसली: तीच चाल त्याने तिथे इतक्या वेळा केली होती की स्वयंगोलानंतर चार दिवसांनीसुद्धा ती करताना तो कचरला नाही. पुढचा सामना स्वित्झर्लंडविरुद्ध होता आणि पिवळ्या कार्डांमुळे त्याला तो खेळता आला नाही. इटली हरली.

जुलैत तो आर्सेनलला गेला. सप्टेंबरमध्ये सिटीच्या एतिहाद मैदानावर, इंग्लिश लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळताना, त्याने मँचेस्टर सिटीविरुद्ध बॉक्सच्या बाहेरून वळवलेला गोल आपण दोघांनी एकत्र पाहिला होता. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्टेटा यांनी त्याला पुन्हा डावीकडे खेळवले, पण आता तो जुना लेफ्ट बॅक नव्हता. चेंडू आपल्याकडे असला की तो आत मध्यफळीत येतो. दुखापतींनी तिथेही त्याचा पिच्छा सोडला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुडघा, मग मार्च २०२५ मध्ये जर्मनीविरुद्ध इटलीकडून खेळताना पुन्हा डावा गुडघा. प्रत्येक वेळी तो परतला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर हंगामाच्या पहिल्याच सामन्यातला एकमेव गोल त्याने डोक्याने मारला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गुडघ्याची काळजी एका शस्त्रक्रियेने संपत नाही, हे तुला माहीत असावे आणि त्याची भीती वाटू नये.

आता तुझ्याविषयी. तू लहान क्लबाला होकार द्यावास असे मला वाटते, पण डोळे झाकून नव्हे. तिथल्या प्रशिक्षकांना स्वतः फोन कर आणि तीन गोष्टी स्पष्ट विचार: गेल्या हंगामात त्यांनी वीस वर्षांखालील किती खेळाडूंना सुरुवातीपासून खेळवले, तुला ते डावीकडेच पाहतात की आत खेळवण्याचीही त्यांची तयारी आहे, आणि क्लबाचा फिजिओ पूर्णवेळ आहे की फक्त सामन्याच्या दिवशी येतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर आपल्या इथल्या डॉक्टरांशी बोलून मी काय व्यवस्था करता येते ते पाहते. शाहू स्टेडियमवर तुला खेळताना पाहिलेली मंडळी भेटली की विचारतात; तू मोठ्या क्लबात आहेस की लहान, हे त्यांतले कोणी विचारत नाही, पुढचा सामना कधी आहे एवढेच विचारतात.

बाबा म्हणतात, करारावर सही करण्याआधी तो त्यांना वाचायला पाठव. जिने चढताना अजून गुडघा दुखतो का, तेही कळव.

तुझी,
आई