आधी बॅटरी तपासा

महोदय,

आपल्या वाहनविषयक सदरात नव्या गाड्यांचेच कौतुक असते. जुनी आलिशान गाडी म्हणजे पांढरा हत्ती, हे मला काही पटत नाही. मध्यंतरी माझ्या वयस्कर सेडानच्या डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, सस्पेन्शन असे सगळे दिवे एकदमच लागले. गॅरेजवाल्याने थेट कंट्रोल युनिट, म्हणजे या यंत्रणा चालवणारा गाडीतला संगणकच, बदलायला सांगितले. घरी मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचे उपकरण) लावला तर बॅटरी जेमतेम ११.९ व्होल्ट! पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४. व्होल्टेज पडले की या गाड्यांतले संगणक नसलेले बिघाडही नोंदवू लागतात. बॅटरी बदलली, बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवरचा हिरवट गंज घासून काढला, संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड पुसले. दिवे गेले ते गेलेच.

बॅटरी रातोरात उतरत असेल, तर गाडी बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, मगच बॅटरीतून वाहणारा करंट मोजावा. ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर कुठेतरी काहीतरी चालू राहिले आहे. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी गालिच्याखालच्या वायरिंगपर्यंत पोचते, हे तर कोणी सांगतच नाही. एअरबॅगच्या वायरींना मात्र मी हात लावत नाही आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरत नाही. अशा गोष्टींवरही सदरात लिहून यावे, ही विनंती.

– एक वाचक