फराक्याचे पाणी मोजताना काठही मोजावा

महोदय,

भारत आणि बांगलादेश यांच्यात 12 डिसेंबर 1996 रोजी झालेल्या गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत 2026 च्या डिसेंबरात पुरी होत असल्यामुळे गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याचे नाव पुन्हा वाचनात येऊ लागले आहे. या लेखांत क्युसेक असतात, ढाक्यातले आणि दिल्लीतले राजकारण असते. पश्चिम बंगालच्या ज्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात तो बंधारा उभा आहे, तिथल्या काठावरच्या माणसांविषयी मात्र चार ओळीही क्वचितच असतात. बँकेच्या नोकरीनिमित्त नव्वदच्या दशकातली काही वर्षे मी बहरमपूरला काढली. त्या जिल्ह्याचे मीठ खाल्ले आहे, म्हणून हे पत्र.

गंगेचा फाटा असलेली भागीरथी हा जिल्हा उभा चिरत जाते. तिच्या पश्चिमेला राढ, म्हणजे चढउताराची, जुन्या कठीण मातीची जमीन आणि पूर्वेला बागडी, म्हणजे आपल्या कृष्णाकाठच्या मळीसारखा, पण नजर पोहोचेल तिथवर पसरलेला गाळाचा सपाट प्रदेश. अठराव्या शतकाच्या आरंभी मुर्शिद कुली खानाने बंगालचा कारभार ढाक्याहून हलवला तो याच नदीच्या काठच्या मुर्शिदाबाद शहरी. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजेने हे शहर लुटले, तेव्हा पश्चिम काठावरची माणसे जीव मुठीत धरून नदी ओलांडून पूर्वेकडे पळाली. आपला ‘बारगीर’, म्हणजे घोडेस्वार, तिथे ‘बर्गी’ झाला आणि अंगाईत जाऊन बसला. मी मराठी असल्याचे कळल्यावर माझ्या घरमालकीणबाईंनी नातवाला थोपटता थोपटता ती अंगाई मला म्हणून दाखवली आणि मग पान वाढून जेवायला बसवले.

हा जिल्हा भारतात राहिला तोही नदीमुळेच. 15 ऑगस्ट 1947 रोजी मुस्लिमबहुल म्हणून तिथे पाकिस्तानचा झेंडा चढला होता. दोन दिवसांनी फाळणीची सीमा आखणारा रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला आणि मुर्शिदाबाद भारताकडे आला, खुलना जिल्हा पाकिस्तानकडे गेला. कोलकाता बंदराला पाणी देणाऱ्या भागीरथी गंगेपासून फुटते ती जागा मुर्शिदाबादेत आहे, ती हातची जाऊ देणे परवडणारे नव्हते. पुढे त्याच बंदरातला गाळ धुऊन निघावा म्हणून सव्वादोन किलोमीटर लांबीचा फराक्का बंधारा बांधला गेला आणि 1975 मध्ये सुमारे 38 किलोमीटरच्या कालव्यातून गंगेचे पाणी भागीरथीत सोडण्यात आले. बंगालचेच एक अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी आधीच बजावले होते की याने बंदराचा गाळ हटणार नाही आणि काठच्या लोकांवर मात्र पुराचे संकट येईल. त्यांना पाकिस्तानधार्जिणे ठरवण्यात आले. कोलकाता बंदराला आजही गाळ उपसावा लागतो.

तिथले लोक काठ ढासळण्याला ‘भांगन’ म्हणतात. ऐन पुरापेक्षा पूर ओसरताना भांगन अधिक होते, हे मला तिथे गेल्यावरच समजले. काठाचा वरचा थर चिकणमातीचा आणि खालचा वाळूचा असतो. नदीची पातळी उतरली की काठात मुरलेले पाणी वाळू बरोबर घेऊन बाहेर पडते, वरची माती अधांतरी राहते, तिला लांबच लांब भेग पडते आणि मग बिघा-दोन बिघे जमीन एकदम खाली बसते. अशी भेग एका आश्विनात मी जलंगीच्या बाजूला पाहिली. तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एक कुटुंब स्वतःचेच घर उतरवत होते. पत्रे निघाले होते, चौकटी निघाल्या होत्या तिथे भगदाडे दिसत होती, पोरे विटांचा चुना खरवडून थप्पी लावत होती आणि दोन बाप्ये हातपंपाचा पाइप जमिनीतून उपसत होते, कारण नवी जागा मिळाली की पहिल्यांदा पाणी लागणार. याच पद्मेने (फराक्याच्या पुढे गंगेच्या मुख्य प्रवाहाला पद्मा म्हणतात) 1989-90 च्या सुमारास आखरीगंज हे गाव गिळले होते.

एकदा एक वयस्क शेतकरी कर्जासाठी जमिनीचा पर्चा, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा, घेऊन आमच्या शाखेत आले. कागद अगदी चोख, शिक्क्यांसह. पाहणीसाठी गेलो, तेव्हा काठावर उभे राहून त्यांनी पाण्यात बोट दाखवले; जिथे दाखवले तिथून एक नाव चालली होती. ते फसवायला आले नव्हते. जमीन पुन्हा वर येईल, निदान ‘चर’, म्हणजे पात्रातले गाळाचे बेट, म्हणून येईल, असे ते मनापासून मानत होते, आणि पद्मेत तसे होतेही. मात्र अशा वर आलेल्या चरावर पेरायला जायचे तर मतदार ओळखपत्र सीमा सुरक्षा दलाच्या चौकीवर ठेवून, ठरल्या वेळेतच जावे-यावे लागते. मी त्यांचा अर्ज नामंजूर केला. नियमाला धरूनच केला, पण ती सही अजून सलते.

जमीन गेलेल्या घरांतल्या बायका धुलियान-जंगीपूरकडे हजारी दराने विड्या वळतात आणि पुरुष गवंडीकामासाठी बाहेर पडतात. मुंबई-पुण्याच्या बांधकामांच्या परांच्यांवर मुर्शिदाबादी बंगाली कानावर येते ती यामुळे. त्या बोलीवरून माणूस बांगलादेशी ठरवला जातो, तेव्हा संशय घेणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की त्याच्या कागदावरचे गाव खरे असूनही आज जागेवर नसेल.

करारात 1 जानेवारी ते 31 मे या काळातले पाणी दहा-दहा दिवसांनी मोजून वाटायचे असते. 70,000 क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. काठ ढासळतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे या मोजणीच्या बाहेर. अलमट्टीच्या फुगवट्याविषयी आम्ही सांगली-कोल्हापूरकर वर्षानुवर्षे जे मागतो, की धरणाचे दरवाजे चालवताना काठच्या माणसांचाही विचार व्हावा, तेच मुर्शिदाबादचे मागणे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी देशभरातील नदीकाठांची धूप रोखायला 1,500 कोटी आणि त्यात विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी रुपये सुचवले होते. त्यातले मुर्शिदाबाद आणि माल्दा जिल्ह्यांत किती पोहोचले, हे केंद्राने आणि पश्चिम बंगाल सरकारने गाववार जाहीर करावे. नव्या वाटाघाटींत गाळ आणि काठ हे विषय घ्यावेत. आणि ज्यांची जमीन नदीत गेली त्यांना दुसरीकडे घरापुरती तरी जागा त्यांच्या नावाने लिहून द्यावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, मिरज