शिंपल्यांच्या खिडक्या वाचवणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गोव्यात बार्देशातलं ते बल्कांवाचं, म्हणजे दारापुढे बसायच्या सोप्याचं, जुनं घर गेलं. वारसदारांचं एकमत होईना आणि छप्पर तर कधीचं उघडं पडलेलं. पण जेसीबी अंगणात येण्याआधी तुम्ही जे सोडवून घेतलंत, त्यासाठी मनापासून आभार.

खिडक्यांच्या बाबतीत तुम्ही कुणाचंच ऐकलं नाहीत, हे फार बरं झालं. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत काचेऐवजी बसवलेले शिंपले एकेक काढायला गेलं की कडेचे पापुद्रे सुटतात. तुम्ही गंजलेल्या बिजागऱ्या हॅक्सॉने कापून अख्खी झडपं उतरवलीत आणि मधे गोणपाट घालून ती उभी ठेवलीत. आडवी रचली असती तर वरचा सगळा भार खालच्या शिंपल्यांवर आला असता. खिडक्यांचा हा शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा दुरुस्तीला जुनाच माल लागतो.

कौलं उतरवताना आधी आढ्यावरचे कोने, मग आढ्याकडून वळचणीकडे, दोन्ही उतारांवर सारखीच. एकच बाजू मोकळी केली की वाशांचा रेटा एकीकडे जातो, आणि मातीत बांधलेली चिऱ्यांची भिंत तो सोसत नाही. घाईच्या कामात नेमकं हेच विसरलं जातं, मग माणसं जखमी होतात.

नक्षीच्या फरश्या चुन्यावर होत्या, तिथे कडेने पातळ छिन्नी घालून त्या अख्ख्या निघाल्या. नंतरच्या डागडुजीत सिमेंटवर बसवलेल्या तुम्ही सोडून दिल्यात. तिथे सिमेंट सुटत नाही, फरशीच फुटते.

भिंतींचा घातही सिमेंटनेच केला होता. चिऱ्यात मुरलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जातं. वरून सिमेंट थापलं की पाणी आतच अडकतं आणि सांध्यातली माती मऊ पडते. ढासळलेला कोपरा दाखवून तुम्ही हे तरुण गवंड्यांना समजावलंत, याचं मोल आम्हाला फार वाटतं.

झडपं कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर फळीवर ठेवली आहेत. शिंपले फक्त ओलसर फडक्याने पुसले, आम्ल लावलेलं नाही. प्रत्येक चौकटीवर तुम्ही खडूने घातलेले आकडे पुसले जाण्याआधी रंगाने गिरवून घेतले. खिडक्यांच्या मापांची एक प्रत तुमच्याकडे पाठवत आहोत. सांध्यांची खोली तपासून द्यावी, म्हणजे पावसाआधी दुसऱ्या घराच्या चौकटी कापायला घेता येतील.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करणारे आम्ही सर्व